वैनगंगेची पातळी कोण सांगतो?

भंडारा शहरातून साकोलीच्या दिशेने निघाले की कारधा गावापाशी वैनगंगा ओलांडावी लागते. येथल्या पुलाजवळची पाण्याची पातळी पावसाळ्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतून सतत छापून येते. धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर. भंडाऱ्यातली आठवी-नववीची मुले एकोणतीसच्या पाढ्यात अडखळतील, पण हा आकडा त्यांतल्या अनेकांना पाठ असतो, असा आमचा अनुभव आहे.

हा आकडा कोण मोजतो, असे वर्गात विचारून पाहावे. ‘सरकार’, ‘मशीन’, ‘मोबाइल’ अशी उत्तरे येतात. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारावा: आकडा आपल्या हाती येतो तेव्हा तो किती तासांपूर्वीचा असतो? यावर बहुधा वर्ग गप्प होतो. भाजी शिळी होते तसा आकडाही शिळा होतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात येत नाही. पाऊस आणि नदी मोजण्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आपण सहसा उपकरणांचा इतिहास म्हणून वाचतो. आम्ही येथे तो आकड्याच्या प्रवासाचा इतिहास म्हणून मांडणार आहोत. मोजणाऱ्यापासून निघालेला आकडा नदीकाठी झोपलेल्या माणसापर्यंत किती वेळात पोहोचतो, आणि वाटेत कोठे अडकतो?

आधी नदीची ओळख करून घेऊ. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तेथून ती थेट दक्षिणेला येत नाही. मोठा वळसा घालून ती प्रथम उत्तरेकडे जाते, मग पूर्वेकडे वळते, बालाघाट जिल्ह्यातून दक्षिणेला उतरते आणि बाघ, बावनथडी या नद्यांचे पाणी घेत भंडाऱ्याकडे येते. शिवनी जिल्ह्यात तिच्यावर भीमगडचे धरण आहे, त्याच्या जलाशयाला संजय सरोवर म्हणतात. तेथून नदीच्या वाटेने भंडारा दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. भंडाऱ्याच्या खाली अंभोऱ्याजवळ कन्हान नदी पेंचचे पाणी घेऊन येऊन मिळते. म्हणजे भंडाऱ्यात पूर येण्यासाठी भंडाऱ्यात पाऊस पडलाच पाहिजे असे नाही.

वरच्या अंतरावरून वर्गात एक सोपे गणित करता येते. पुराची लाट आणि पाणी यांचा वेग एक नसतो. रुंद पात्रात लाट पाण्याच्या सरासरी वेगाच्या सुमारे दीड ते पावणेदोनपट वेगाने पुढे सरकते. (रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी शेजाऱ्याला धक्का द्यावा, धक्का रांगेच्या टोकाला पोहोचतो आणि मुले मात्र जागेवरच असतात. दृष्टान्त पुरता लागू पडत नाही, पण कल्पना येते.) पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला तर लाट ताशी सुमारे ६ किलोमीटर चालेल आणि दोनशे किलोमीटरला ३३ तास लागतील. वेग दुप्पट धरला तर १७ तास. थोडक्यात, भीमगडला दरवाजे उघडल्यापासून भंडाऱ्याला पाणी चढेपर्यंत निसर्ग आपल्याला पाऊण ते सव्वा दिवसाची सवड देतो. लहान पाणलोटाच्या नदीला हे भाग्य नसते. ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाड गावात वर्धा नदीचे पाणी शिरले आणि २०४ माणसे मरण पावली. विदर्भात पुराच्या पूर्वसूचनेविषयी बोलताना मोवाडचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तहसील कचेरीतले पर्जन्यमापक

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक, रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजमाप, नोंदवहीत आकडा आणि तो वर कळवण्यासाठी तार, ही पद्धत एकदा रुळली ती पुढे शंभर वर्षे फारशी बदलली नाही. आजही हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो.

या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे पावसाच्या इतक्या जुन्या आणि सलग नोंदी आहेत त्या तिच्यामुळेच. परंतु ती आखली गेली ती शेतसारा, दुष्काळ आणि हवामानाचा अभ्यास यांसाठी. पुराच्या दृष्टीने तिच्यात एक मोठी उणीव होती. ‘चोवीस तासांत १२० मिलिमीटर’ या आकड्यातून पाऊस दिवसभर रिपरिपत होता की मध्यरात्री तीन तासांत कोसळला, हे कळत नाही. पहिल्या पावसाने धानाच्या बांध्या भरतात, दुसऱ्याने बांध फुटतात. शिवाय मध्यरात्रीचा पाऊस मोजला जाणार सकाळी, म्हणजे जन्मतःच आकडा सात-आठ तासांचा.

दुसरी उणीव तारेचीच. ज्या वादळाची बातमी द्यायची तेच वादळ तारेचे खांब पाडते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरचे धरण फुटून मोरबी शहर बुडाले. तेव्हा पावसाने दूरध्वनीचा संपर्क आधीच तुटलेला होता. पुढे कितीही नवी साधने आली तरी हा धडा जुना झाला नाही, हे लेखाच्या शेवटी दिसेलच.

तारेविना आकडा पाठवणे

उपकरणाने मोजावे आणि उपकरणानेच बिनतारी कळवावे, ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली ती आकाशात. १९२९ मध्ये फ्रान्समध्ये रोबेर ब्युरो यांनी आणि जानेवारी १९३० मध्ये रशियात पावेल मोल्चानोव यांनी फुग्याला तापमापक, दाबमापक आणि छोटे प्रक्षेपक बांधून वर सोडले. फुगा वर जाताना वरच्या हवेचे तापमान आणि दाब रेडिओ-लहरींनी खाली कळवत होता. यालाच रेडिओसाँड म्हणतात. नागपूरहून असे फुगे नियमित सोडले जातात. जेथे माणूस जाऊन बसू शकत नाही तेथले मोजमाप लगोलग हाती यावे, या आजच्या संवेदक-जाळ्यांमागच्या कल्पनेचा आरंभ येथे आहे.

नदीवर मात्र बराच काळ माणूसच मोजत होता आणि माणूसच बोलत होता. आजच्या केंद्रीय जल आयोगाने पुराचे पूर्वानुमान देण्याचे काम १९५८ साली दिल्लीत, यमुनेवरच्या जुन्या रेल्वे पुलापाशी सुरू केले. पुढे देशातल्या मोठ्या नद्यांवर केंद्रे झाली. भंडारा जिल्ह्यात पवनी येथे आयोगाचे मोजमाप केंद्र आहे. अशा केंद्रांवर काठापासून वरपर्यंत पायऱ्यांसारख्या गेजपट्ट्या रोवलेल्या असतात. पाणी चढले की खालची पट्टी बुडते आणि वाचणारा वरच्या पट्टीकडे सरकतो. पुराच्या वेळी तासातासाला, रात्री बॅटरीच्या उजेडात तो आकडा वाचायचा आणि बिनतारी संचावरून बोलून कळवायचा. समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा. चूक शोधण्याची ही साधी युक्ती पुढे संगणकांनीही आपल्या पद्धतीने उचलली.

वैनगंगेकाठी अशा कामावर आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांशी आमचे पुष्कळ बोलणे झाले. पाण्यावर पालापाचोळा आणि वाळकी लाकडे वाहत येऊ लागली की ते पुढच्या तासाची वाट न बघता पुन्हा पट्टीकडे जात. वहीत तासाचा एक आकडा अपेक्षित असे, त्यांच्या वहीत अशा रात्री तीन-तीन आकडे असत. यंत्र बसवताना आम्ही या सवयीची नक्कल करण्याचा प्रयत्न केला आहे: पातळी स्थिर असताना तासाला एकदा मोज, बदलू लागली की पाच मिनिटांना मोज. नक्कल बरी जमली. मात्र लाकडे दिसल्यावर सावध होणे यंत्राला अजून जमलेले नाही.

अवकाशातून येणारा निरोप

३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अवकाशयानातून इन्सॅट-१ बी हा उपग्रह सोडण्यात आला. लोकांना तो आठवतो दूरदर्शनमुळे. पण त्यावर आणखी एक साधन होते, त्याच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. जमिनीवरच्या मानवरहित केंद्रांनी ४०२.७५ मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर पाठवलेले क्षीण संदेश पकडून ते पुन्हा खाली पाठवणारे ते साधन. रस्ता नाही, वीज नाही, दूरध्वनी नाही अशा डोंगरावरही एक डबा, एक सौरफलक आणि एक अँटेना ठेवली की आकडे येऊ लागणार होते. पुढे कल्पना-१ (२००२) आणि इन्सॅट-३ ए (२००३) या उपग्रहांनी हे काम चालवले. हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रांचे संदेश घेणारे भूकेंद्र पुण्यात उभारले गेले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे विदर्भातल्या खेड्यातला पावसाचा आकडा पुण्याला जाताना ७२,००० किलोमीटर चालतो, आणि तरी पाव सेकंदात पोहोचतो. एस.टी.ने जाणाऱ्या आम्हां मंडळींना हेवा वाटावा असाच हा प्रवास.

येथे एक अडचण होती आणि तिची सोडवणूक गणिताच्या शिक्षकांना आवडेल. शेकडो केंद्रे, कंप्रता एकच. दोन केंद्रे एकदम बोलली तर दोघांचेही बोलणे फुकट. केंद्रांना एकमेकांचे ऐकू येत नाही, त्यामुळे ‘आधी तू बोल’ म्हणण्याची सोय नाही. सुरुवातीची युक्ती अशी: प्रत्येक केंद्राने आपला संदेश सेकंदाच्या लहानशा अंशात संपवायचा, आणि ठरलेल्या काही मिनिटांत यदृच्छेने निवडलेल्या तीन क्षणी तो तीनदा म्हणायचा. एखादा संदेश दुसऱ्यावर आदळण्याची शक्यता समजा पाचात एक असेल, तर तिन्ही वेळा आदळण्याची शक्यता १/५ × १/५ × १/५, म्हणजे १२५ मध्ये एक. नंतर घड्याळे अचूक झाली, तेव्हा प्रत्येक केंद्राला स्वतःचा क्षण नेमून देण्यात आला आणि नशिबावरची भिस्त संपली.

मोजणारे उपकरण स्वतः मात्र फार जुने आहे. पाऊस मोजणारी ‘झुलती बादली’ १६६२ साली ख्रिस्तोफर रेन यांनी कल्पिली असे मानतात. लहान मुलांच्या सी-सॉसारख्या आडव्या दांडीवर दोन छोटी भांडी. एक भरले की कलंडते, रिकामे होते आणि दुसरे नाळक्याखाली येते. प्रत्येक कलंडण्याला एक विद्युत् स्पंद, एवढेच मोजायचे. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. अर्धा मिलिमीटर पाऊस म्हणजे १५.७ मिलिलिटर पाणी, चहाचे सुमारे तीन चमचे. दोन प्लास्टिकची झाकणे, सायकलची तार आणि जुने नरसाळे घेऊन मुले हे शाळेत बनवू शकतात. बनवल्यावर वरून जोरात पाणी ओतून पाहावे. भांडे कलंडत असतानाचे पाणी वाया जाते आणि मापक कमी पाऊस दाखवतो. विकत घेतलेल्या उपकरणातही हा दोष असतो, आणि तो नेमका मुसळधार पावसात उघडा पडतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात पूरसूचनेसाठी जी ‘अलर्ट’ नावाची पद्धत निघाली तिच्यात तर अशा बादलीच्या कलंडण्याबरोबर रेडिओ-संदेश सुटत असे. कोरड्या दिवशी शांतता, पाऊस आला की बडबड. ही काटकसर सुरेख खरी, पण मोठ्या पावसात सगळीच केंद्रे एकदम बोलू लागतात आणि संदेशांवर संदेश आदळतात. सर्वांत महत्त्वाच्या घटकेला सर्वांत जास्त संदेश हरवतात.

पातळी मोजण्यासाठी आता पुलाच्या कठड्याखाली रडार बसवतात. ते खाली पाण्याकडे लहरी सोडते आणि प्रतिध्वनीवरून अंतर काढते. यांतल्या अनेक उपकरणांच्या लहरी सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या असतात. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस ज्या आखूड लहरींशी खेळत होते त्यांच्याच कुळातल्या या. बोस यांच्या प्रयोगांचा धडा शिकवताना पुलाखालचे हे उपकरण दाखवता आले तर मुले तो धडा विसरणार नाहीत.

गेज तेच, अर्थ बदलला

वैनगंगेच्या या कथेत एक वळण असे आहे की ते उपकरणांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे धरणाची पायाभरणी झाली. ३३ दरवाजांच्या या धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. कारध्याच्या धोक्याच्या पातळीशी ताडून पाहा. धरण भंडाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे आणि त्याचा फुगवटा वर पसरतो.

धरणापूर्वी वाहत्या नदीत पातळी आणि विसर्ग यांचे नाते बांधलेले होते. अमुक पातळी म्हणजे सेकंदाला अमुक घनमीटर पाणी, असा आलेख वर्षानुवर्षांच्या मोजमापांतून तयार होतो. खाली जलाशय आला की हे नाते सैल होते. तीच पातळी भरलेल्या जलाशयामुळे जवळजवळ स्थिर पाण्यात दिसू शकते, किंवा दरवाजे उघडे असताना धावत्या पुरात दिसू शकते. आकडा एक, नद्या दोन. अशा ठिकाणी पुलावर कितीही अचूक रडार लावले तरी एका आकड्यावरून काही सांगता येत नाही. वरचा पाऊस, वरच्या धरणाचा विसर्ग, वाटेतल्या उपनद्या आणि खालच्या धरणाचे दरवाजे हे सगळे एकाच वेळी समोर असावे लागते. सुटे मापक आणि मापकांचे जाळे यांत फरक पडतो तो येथे.

हाच पेच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला कृष्णेवर होता. २००५ च्या महापुरानंतर कृष्णा-भीमा खोऱ्यात जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस, नदीपातळी आणि धरणे यांची माहिती तत्काळ गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आला. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आणि दहा-दहा मिनिटांचे आकडे मोबाइलच्या जाळ्यावरून येऊ लागले. एका तहसिलीला एक पर्जन्यमापक आणि दिवसाला एक आकडा, तेथून आपण येथवर आलो.

तलावांच्या माळेवर

आता थोडे आमच्या स्वतःच्या उद्योगाविषयी.

२००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाच्या बेटावर शास्त्रज्ञांनी काडेपेटीहून थोडी मोठी अशी ३२ उपकरणे ठेवली. पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी तेथे बिळांत घरटी करतात. माणूस सारखा डोकावला तर पक्षी घरटे सोडतो, म्हणून बिळातले तापमान आणि आर्द्रता या उपकरणांनी मोजायची आणि बिनतारी कळवायची. पुढे अशा जाळ्यांत उपकरणे एकमेकांचे निरोप हातोहात पुढे देऊ लागली, विहिरीवरून घागरी रांगेने पोहोचवाव्यात तसे. पाठोपाठ आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.ने नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यात असे जाळे मांडले होते.

आमच्या मनात आले की भंडाऱ्याला यासाठी आयती जागा आहे. जिल्ह्यातले तलाव कोहळी समाजाने फार पूर्वी माळेसारखे बांधले आहेत. एकाचा सांडवा दुसऱ्याला पाणी देतो, दुसऱ्याचा तिसऱ्याला. १९५१ साली मालगुजारी संपली तेव्हापासून सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी’ आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. माळेतल्या वरच्या तलावाची पाळ फुटली तर खालचे एकामागून एक फुटू शकतात. आम्ही साकोली तालुक्यात अशा एका माळेतल्या चार पाळींवर पातळी मोजणारी उपकरणे ठेवली. चौथ्याचा निरोप गावच्या शाळेच्या छपरावरच्या ग्राहक यंत्रात येई आणि तेथून मोबाइलने आमच्याकडे.

चाचणी एप्रिलमध्ये घेतली. चारही उपकरणे एकमेकांशी खणखणीत बोलत होती आणि आम्ही खूश होऊन परतलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसरे आणि तिसरे मुके झाले. बॅटरी ठीक, तारा ठीक. उत्तर डोळ्यांसमोर उभे होते, ते दिसायला दोन दिवस लागले. दोन पाळींच्या मध्ये सागाचे बन होते. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो. जुलैत त्याला हातभर लांबीची पाने आली होती आणि ती ओलीचिंब होती. आमच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ओली पाने त्यांना शोषत आणि विखरत होती. पुढच्या वर्षी आम्ही भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गेलो. तेथे लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते आणि पानांतून बरी निभावते. पानझडी जंगलात उन्हाळ्यात चाचणी घेऊन पावसाळ्याची खात्री देणारे आम्ही विज्ञानात पीएच.डी. झालेले लोक, हे येथे कबूल केलेले बरे.

दुसरा प्रसंग सप्टेंबरातला. पडद्यावर दिसले की पहिला तलाव काठोकाठ भरला आहे, पाणी पाळीच्या वर जाऊ पाहते आहे. आम्ही घाईने मुख्याध्यापकांना फोन केला.

“सर, वरचा तलाव ओसंडतोय का?”

“इकडे तर दोन दिवसांपासून कडक ऊन आहे, सर. पाठवतो मुलांना.”

मुले धावत जाऊन आली. ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या आमच्या उपकरणाच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. प्रतिध्वनी जवळूनच परत येत होता आणि उपकरण प्रामाणिकपणे ‘पाणी जवळ आले’ असे सांगत होते. याच्या उलट चूक जास्त घातक. पर्जन्यमापकाच्या नाळक्यात पान अडकले की बादली कलंडत नाही आणि भर पावसात आकडा येतो शून्य. पाऊस नाही, उपकरण तुंबले आहे आणि निरोपच आला नाही, या तीन अवस्था कागदावर सारख्या दिसू नयेत यासाठी काही सांगण्यासारखे नसले तरी तासाला एकदा ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवायला आम्ही उपकरणांना शिकवले. आणि मुख्याध्यापकांनी आपण होऊन प्रत्येक पाळीवर रंगवलेली पट्टी लावली. मुले सकाळी शाळेत येताना आणि संध्याकाळी जाताना ती वाचतात. उपकरणाचा आकडा आणि मुलांचा आकडा शेजारी-शेजारी लिहून फरक काढणे हा सातवीचा गणिताचा तास झाला आहे.

२०२० चा ऑगस्ट

२०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात वैनगंगा आणि पेंच-कन्हानच्या पाणलोटांत जोरदार पाऊस झाला. वरच्या धरणांतून मोठा विसर्ग सुरू झाला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि पाठोपाठ खाली चंद्रपूर-गडचिरोलीच्या काठांवर पूर गेला. पूर्वसूचना वेळेवर मिळाली का, दोन राज्यांतला समन्वय कोठे कमी पडला, असे प्रश्न तेव्हा जाहीरपणे विचारले गेले.

त्यांचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण आकड्याच्या प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. १८७५ च्या सुमारास अडथळा होता मोजण्यात, कारण मोजणे दिवसातून एकदाच होते. १९७९ मध्ये मोरबीला तो तुटलेल्या संपर्कात होता. आता धरणाचा विसर्ग दरवाजा उघडताना ठाऊक असतो आणि तो सेकंदात दिल्लीला कळू शकतो. अडथळा सरकत सरकत शेवटच्या टप्प्यावर आला आहे: एका राज्याच्या कार्यालयातून दुसऱ्या राज्याच्या कार्यालयात, तेथून तहसिलीत, तेथून ग्रामपंचायतीत आणि शेवटी रात्री दोन वाजता एखाद्या दारावर. त्यातच पुरात वीज जाते, मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरते आणि तारेच्या खांबाची जुनी गोष्ट नव्या वेषात पुढे येते. आमचे तलावांवरचे जाळे एका वादळी रात्री असेच सहा तास मुके होते. उपकरणे मोजत होती, शाळेच्या छपरावरचे यंत्र ऐकत होते, पुढे नेणारा मनोरा बंद होता. त्यानंतर आम्ही शाळेवर एक भोंगा बसवला. पातळी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की तो आमच्या परवानगीची वाट न पाहता वाजतो. पुण्याला कळायचे तेव्हा कळो.

या शाळेसमोरच्या रस्त्यावर एक फळा आहे. त्यावर मुले सकाळ-संध्याकाळ चारही तलावांची पातळी सेंटिमीटरपर्यंत लिहीत असत. पहिल्या पावसाळ्यात खालच्या गावचे एक वयस्क ढीवर मासे घेऊन जाताना फळ्यापुढे थांबले. मुलांनी त्यांना आकडा वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “ते ठीक आहे पोरांनो, पण वाढते आहे की उतरते आहे?”

मुलांना सांगता आले नाही, आणि मुख्याध्यापकांनी फोन केला तेव्हा आम्हालाही चटकन सांगता आले नाही, कारण आमच्या निरोपात फक्त पातळी होती. आता प्रत्येक निरोपासोबत मागच्या तासाभरातला फरकही येतो, आणि फळ्यावर प्रत्येक आकड्याशेजारी मुले एक बाण काढतात, वर तोंड केलेला किंवा खाली.